हलूनकाबाईंचा सातवा शनिवार

सलग सहा शनिवार हलूनकाबाई खोटं बोलल्या. आणि त्यात त्या इतक्या पटाईत निघाल्या की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. त्याआधीच्या एक्कावन्न वर्षांत त्यांना खोटी शिंकसुद्धा धड जमली नव्हती.

हलूनकाबाई हे नाव इस्पितळानं दिलेलं. तळमजल्यावरच्या एक्स-रेच्या खोलीत बाई अठ्ठावीस वर्षं एकच मंत्र म्हणत आल्या होत्या: "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका." मग आडोशामागे जायचं, बटण दाबायचं आणि म्हणायचं, "हं, सोडा." दिवसाला साठ-सत्तर छात्या. वॉर्डातल्या परिचारिका पेशंटला सांगत, "खाली जा, हलूनकाबाईंकडून फोटो काढून आण." खोलीला खिडकी नव्हती. दाराच्या आत शिशाचा पत्रा होता. बाहेर ऊन आहे की ढग, हे बाईंना येणाऱ्यांच्या कपड्यांवरून कळायचं.

अशा बाईला समुद्राचं वेड लागलं ते बसच्या खिडकीतून. किनाऱ्याच्या रस्त्यानं चालल्या होत्या आणि पाण्यावर एक माणूस उभा दिसला. पोहत नव्हता, होडीत नव्हता. चक्क उभा होता. आपण दारात उभे राहतो तितक्या सहज, धावत्या पाण्यावर. बस वळली, माणूस दिसेनासा झाला. बाई पुढच्या थांब्यावर उतरल्या आणि छत्री बसमध्ये विसरून तेवढं सगळं अंतर उलट चालत आल्या.

तिथे फळीवरून लाटेवर उभं राहायला शिकवणारी एक मुलगी होती. पंचविशीची, उन्हानं नाकाची सालपटं निघालेली, आवाज असा की लाटेनं माघार घ्यावी. बाईंनी तिच्याकडे दहा शिकवण्या लावल्या आणि आठ फुटांची एक जुनी, मऊ फोमची फळी विकत घेतली. धाकट्या बहिणीनं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, जन्मभर लाटणं हातात धरायचा कंटाळा केलास, आणि आता लाटा लाटायला निघालीस?" नवऱ्याचं मात्र उलट. तो स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि चष्म्याला आलेलं गिऱ्हाईक म्हणजे बसवून ठेवलेलं गिऱ्हाईक. त्यानं प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली, "आमची ही लाटेवर उभी राहते."

ही काही राहत नव्हती. तिसऱ्या शिकवणीत एका लाटेनं बाईंना फळीवरून काढलं, पाण्याखाली दोनदा उलटंपालटं केलं आणि वर कुठे, खाली कुठे, हे त्यांच्या डोक्यातून पुसून टाकलं. तीन-चार सेकंदांचंच प्रकरण. मुलीनं दंडाला धरून वर ओढलं. बाई पोहायला शाळेतच शिकल्या होत्या, तलावाचे वीस फेरे मारायच्या, म्हणून बुडण्याची भीती नव्हती. भीती त्या पुसल्या जाण्याची होती. वर कुठे हेच कळत नसेल तर पोहणार कोणत्या दिशेला?

उरलेल्या शिकवण्या त्यांनी पार पाडल्या, कारण हाकेच्या अंतरावर ती मुलगी होती. दहावी शिकवणी संपली तशी ती म्हणाली, "काकू, आता मी नको. कमरेएवढ्या लाटा असतील तो दिवस बघायचा, पायाला फळीचा दोर बांधायचा आणि एकटीनं जायचं. लाटा घोळक्यानं येतात. घोळका सरला की उसंत मिळते, तेव्हा आत सरकायचं. आणि अंग सैल, काकू! दहा वेळा सांगितलं. श्वास सोडत जायचा!"

पहिल्या शनिवारी बाई एकट्या गेल्या आणि दीड तास वाळूत बसल्या. पाचावर धारण बसली होती. मग उठून कडेला पाय धुवायचा नळ होता तिथे गेल्या, फळी भिजवली, केस भिजवले आणि घरी आल्या.

"कशा होत्या लाटा?" नवऱ्यानं विचारलं.

"छान."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर निभावलं असतं. पण त्यांनी एक लहानशी लाट जोडली. पुढच्या शनिवारी दुसरी. खोट्याला लगाम नसतो. सहाव्या शनिवारपर्यंत बाई डोक्याएवढ्या लाटेवरून तिरक्या उतरत होत्या, आणि नवरा हातातली काच बाजूला ठेवून ऐकत होता.

मग तो म्हणाला, "पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी दुकान बंद ठेवतो. बघायलाच येतो. माझी दोन गिऱ्हाइकंही यायचं म्हणतायत."

म्हणजे हातात एकच शनिवार उरला. त्या दिवशी पाण्यात जायचं, नाहीतर खरं सांगून फळी विकून टाकायची. फजितीचं काय, चार दिवस हसतील आणि विसरतील. पण मग पाण्यावर उभा दिसलेला तो माणूस आपण पाहिलाच नसता तर बरं झालं असतं, असं म्हणायची वेळ येणार होती. ते बाईंना नको होतं.

सातव्या शनिवारी सकाळी आठला त्या पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या. लाटा कमरेएवढ्या. किनाऱ्यावर लांब एक जण कुत्र्याला फिरवत होता, बाकी चिटपाखरू नाही. दोर पायाला बांधला. गाठ तीनदा तपासली. चौथ्यांदा तपासायला वाकल्या, स्वतःवरच चिडल्या आणि तशाच आत शिरल्या.

पहिली लाट आली. बाईंनी छाती भरून श्वास घेतला, रोखून धरला आणि ताठ झाल्या. लाटेनं त्यांना उचलून मागे आपटलं. दुसरी आली. पुन्हा छाती भरली, श्वास रोखला, अंगाचं लाकूड झालं, आणि पुन्हा नाकातोंडात पाणी. फळी दोराला हिसके देत होती. कंबरभर पाण्यात खोकत उभ्या असताना बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि उरलेलं सगळं पाणी समोरून चालून येत होतं.

तिसरी लाट दिसली. बाईंची छाती आपोआप फुगायला लागली आणि त्या क्षणी त्यांना उमगलं. श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका. त्या लाटेसमोर उभ्या राहून स्वतःचा एक्स-रे काढत होत्या! अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेलं त्यांच्याच हाडांत मुरलं होतं. ती मुलगी दहा शिकवण्या घसा फोडून ओरडली ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पेशंटला निदान शेवटी "सोडा" म्हणणारं कुणी असतं. इथे ते म्हणायचंच राहून जात होतं.

"सोडा," बाई मोठ्यांदा म्हणाल्या. ऐकायला कुणी नव्हतं हे किती बरं.

श्वास सोडत, फळी बाजूला धरून, त्यांनी मान खाली घातली. लाट वरून गेली. नुसती गेली. घाईतल्या माणसानं गर्दीत धक्का द्यावा आणि मागे वळूनही बघू नये, तशी.

भीती गेली वगैरे काही नाही. पाय लटपटतच होते, फक्त आता लटपटणाऱ्या पायांना काम होतं. आणखी चार लाटा अशाच सोडल्या. मग पाणी जरा निवलं. ही उसंत. बाई फळीवर पालथ्या पडल्या आणि दोन्ही हातांनी वल्हवत सुटल्या. पांढरा फेस मागे पडला, एक शेवटचा उंचवटा आला, फळीचं नाक आभाळाकडे झालं, खाली आलं, आणि बाई पलीकडे होत्या.

पलीकडे आवाजच नव्हता.

किनाऱ्यावरून ऐकू येतो तो सगळा गडगडाट लाटेच्या पुढच्या बाजूचा. मागून लाटेची पाठ दिसते. गुळगुळीत, हिरवी, अवाढव्य जनावराची असावी तशी. ती किनाऱ्याकडे चालत जाते आणि दिसेनाशी होते. बाई फळीवर बसल्या. पाय दोन्ही बाजूंना सोडले. पाण्याखाली पावलं फिकी दिसत होती आणि त्यांच्याखाली काळोख. घरं, रस्ता, बसचा थांबा, सगळं काडेपेटीएवढं झालं होतं. मग खालचं पाणी फुगलं. बाई हातभर वर गेल्या. क्षणभर थांबल्या. खाली आल्या. पुन्हा फुगलं.

छाती! एवढी मोठी छाती त्यांनी कधी पाहिली नव्हती. आणि हिला घे म्हणावं लागत नव्हतं, सोड म्हणावं लागत नव्हतं. कुणीही सांगायच्या आधीपासून ती हे करत होती, आणि सांगणारे सगळे संपले तरी करत राहणार होती. आपण किती लहान आहोत हे कळून माणसाला एवढा आनंद व्हावा, याचा अर्थ बाईंना लागेना. लावायचाही नव्हता. त्या बसून राहिल्या.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दूरवर पाण्याची एक घडी उठली आणि सरळ त्यांच्या दिशेनं यायला लागली. बाईंनी फळी वळवली, पालथ्या पडल्या, हात मारले. मागून उचललं म्हणतात तसं ते नव्हतं. अंगाखालची सगळी जमीनच उठली आणि चालायला लागली. वारा कानात शिरला. बाईंनी एक गुडघा टेकला, दुसरा पाय पुढे घेतला, हात फळीवरून सुटले, आणि तेवढ्यात फळी सटकली.

खाली. उलटंपालटं. वर कुठे, खाली कुठे, पुसलं गेलं.

अंग ताठ व्हायला लागलं होतं. बाईंनी ते होऊ दिलं नाही. तोंडातून थोडा श्वास सोडला आणि डोळे उघडले. सगळीकडे हिरवा-पिवळा उजेड, त्यात वाळूचे कण भिरभिरत होते. आणि त्यांच्याच ओठांतून निघालेले बुडबुडे, चांदीच्या मण्यांसारखे, एकामागून एक, त्यांच्या डाव्या खांद्याकडे चालले होते. म्हणजे वर ती बाजू. बुडबुड्यांचं कधी चुकत नाही. बाई त्यांच्या मागोमाग गेल्या, अगदी सावकाश, कारण ते बघणं सोडवत नव्हतं. डोकं बाहेर आलं तेव्हा त्या रडत होत्या की हसत होत्या ते सांगता येणार नाही, तोंडभर पाणीच होतं.

घरी आल्या तेव्हा नवरा टेबलाशी बसून स्वतःचाच चष्मा पुसत होता. "काय म्हणत होत्या आज लाटा?"

बाईंनी तोंड उघडलं. काही येईना. सहा शनिवार धबधब्यासारखी वाहिलेली जीभ टाळूला चिकटली. तो काळजीनं म्हणाला, "अगं, आज गेली नाहीस का पाण्यात?"

"आजच गेले," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा."

"आणि मागचे सहा?"

"नळ."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो उखडला. "नळ? आणि मी गावभर सांगत सुटलो! त्या बघायला येणाऱ्या मुख्याध्यापिका, नंबर तपासता तपासता त्यांना तुझी ती तिरकी लाट हात करून दाखवली मी! आता काय तोंड दाखवू त्यांना?"

"चुकलं माझं. येऊ दे त्यांना. पण उभं नाही हो राहता येत मला. एक गुडघा आणि एक पाय, एवढंच."

तो चष्मा पुसत राहिला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. राग अजून होता, पण बायकोच्या चेहऱ्याकडे तो चोरून बघत होता. ओठ निळे, डोळे लाल, आणि अंग बसल्या जागी अजूनही वरखाली होत असल्यासारखं.

"आत," तो शेवटी म्हणाला, "त्या फेसाच्या पलीकडे. किती खोल आहे?"

"माहीत नाही. पाय लागले नाहीत."

त्यानं चष्मा खाली ठेवला.

"लागलेच नाहीत?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यानं खुर्ची जवळ ओढली.