दुसरा आवाज

टँकरच्या डिझेलचा वास आला की माझा डावा कान आजही गरम होतो. दुष्काळाचं साल होतं. वाळूजकडं नव्या वसाहती फुगत होत्या अन् आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदाच यायचा. हॉर्न वाजला की पळत जाऊन पाइप टाकायचा, हे माझं काम. त्या दुपारी मी इलेक्ट्रिक गिटारची वायर कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात खुपसली. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर नव्हतंच. साउंडच्या सेटिंगमध्ये माइक ऐकण्याचा पर्याय सापडला, तिथं टिक केली अन् गिटार थेट स्पीकरमधून गरजली. फक्त तार छेडल्यावर आवाज क्षणभर उशिरा यायचा. मी पिसाळल्यासारखा वाजवत सुटलो. बाहेरचा हॉर्न ऐकूच आला नाही. शिफ्टवरून आलेल्या वडिलांना कोरडा ड्रम दिसला. "सारी गल्ली पाणी भरून मोकळी झाली, अन् तू इथं तुणतुणं वाजवत बसला व्हय रे?" सणकन कानाखाली बसली. मग त्यांनी गिटार दांड्याला धरून दाराच्या चौकटीवर आपटली. वायर अजून कॉम्प्युटरलाच होती. प्रत्येक घाव आधी लाकडावर वाजला अन् मग स्पीकरमधून. त्यांनी तीनदा आपटली, मी सहादा ऐकली. आताही कुठं दार आपटलं की मी श्वास रोखून दुसऱ्या आवाजाची वाट बघतो.