रिजेक्ट झालेल्या गोधड्या

वाघसाहेबांनी गोधडीवर स्टीलची पट्टी ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाले, "जगताप, हा टाका चार मिलिमीटरचा. पुढचा सहाचा. त्याच्या पुढचा तर मी सांगतही नाही."

"हाताने घातलेत साहेब."

"ते कारण झालं. टॉलरन्स किती?"

टॉलरन्स म्हणजे मापात चालवून घेतलेला फरक. गाडीच्या डॅशबोर्डचा पार्ट केसाएवढा इकडेतिकडे झाला तर चालतो, त्याहून जास्त झाला तर चालत नाही. आमची कंपनी शिक्रापूरजवळ असे प्लास्टिकचे पार्ट बनवते. वाघसाहेब क्वालिटीचे हेड, मी परचेसचा मॅनेजर. मी माल मागवायचा आणि त्यांनी तो नापास करायचा, असं आमचं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. गोधडीचा टॉलरन्स मात्र मला आजवर कुणी विचारला नव्हता.

झालं होतं असं. आमचे प्लांट हेड सबनीस साहेब एका ट्रेनिंगला जाऊन आले. विषय होता, रोजच्या कामात सृजनशीलता. तिथे सगळ्यांना चिखलाच्या वस्तू करायला लावल्या होत्या. साहेबांनी स्वतः केलेली वस्तू टेबलावर आणून ठेवली. मी त्यात पिना टाकल्या, तेव्हा साहेबांनी सांगितलं की तो कप आहे.

साहेब म्हणाले, "जगताप, आपल्या लॉबीत काय आहे?"

"सोफा आहे. आयएसओचं सर्टिफिकेट आहे."

"इन्स्पिरेशन कुठे आहे?"

ते स्टोअरमध्ये नव्हतं, एवढं मला नक्की माहीत होतं.

मग पुण्याहून तन्वी मॅडम आल्या. त्या डिझाइन कन्सल्टंट. लॉबीत उभ्या राहून त्यांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, या भिंतीला हाताचा स्पर्श हवा, इथल्या मातीचं काहीतरी हवं. परदेशातली कस्टमर कंपनी ऑडिटला येणार होती. तिचं नवं काम मिळालं तर प्लांटमध्ये दुसरी लाइन सुरू होणार होती, नाही मिळालं तर आहे त्या लाइनवरची माणसंही कमी करावी लागणार होती. भिंत त्याआधी तयार पाहिजे होती. गोधड्या लावायचं ठरलं, आणि काम परचेसकडे आलं.

वरवंडच्या हिराबाई मावशींचं नाव मला बायकोने सांगितलं. मावशी चार बायकांना घेऊन गोधड्या शिवतात. मी गेलो तेव्हा ओट्यावर एक गोधडी पसरलेली होती आणि सगळ्या कडेने बसून शिवत होत्या. मधोमध लाल-तपकिरी कापडाचे लांबट तुकडे एकामागे एक जोडलेले.

"हे काय आहे मावशी?"

"दौंडचं यार्ड. भैनीकडं गेलते, तवा गाडी दोन तास उभी केली. बसल्या बसल्या काय करायचं? डबं बगत बसले. आल्यावर लावलं."

दुसरीत गावच्या विहिरीवरचे पारवे होते. तिसरीत नुसते काळे-करडे चौकोन, एकमेकांत घुसलेले, आणि मधे एकच पिवळी चिंधी.

"ही शिक्रापूरची चौफुली," मावशी म्हणाल्या. "ट्रकच ट्रक. पिवळी हाय ती आमची रिक्षा."

"रोज असं नवीन सुचतं?"

"सुचायचं काय त्यात? जे दिसतं त्ये लावायचं. त्येच त्येच लावलं तर शिवताना झोप येती."

मी तिथेच ऑर्डर दिली. उठताना मावशींनी ओळख करून दिली, "ही सुमन. पारव्यांची हिनं शिवलीया. लेकीचं बाळंतपण काढता काढता. कंपनीत भिताडावर लागणार म्हणून लई खूश हाय."

आता आमच्या गेटमधून आत येणारी प्रत्येक वस्तू इनकमिंगमधून जाते. इनकमिंग म्हणजे बाहेरच्या मालाची तपासणी. तिथे वस्तूला पार्ट नंबर लागतो. मी गोधडीला दिला. पार्ट नंबर आला की ड्रॉइंग लागतं. तन्वी मॅडमनी एक आयत काढून दिला. ड्रॉइंग आलं की त्याप्रमाणे तपासणी होते. म्हणून वाघसाहेब पट्टी घेऊन उभे होते. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी सगळ्या गोधड्या टेबलावर मांडल्या, एकीसारखी दुसरी नाही हे पाहिलं आणि प्रत्येकीला लाल टॅग बांधला. टॅगवर लिहिलं: रिजेक्ट, पार्ट टू पार्ट व्हेरिएशन.

सबनीस साहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं.

"व्हेरिएशन नको," साहेब म्हणाले. "कस्टमर ऑडिटला येतोय. एकसारख्या लावा."

"पण सर, हँडमेड फील पाहिजे," तन्वी मॅडम म्हणाल्या. "थोडी इम्परफेक्शन हवी."

वाघसाहेबांनी पेन काढलं. "किती?"

बराच विचार करून असं ठरलं की प्रत्येक ओळीत तीन टाके वाकडे असावेत. कुठले तीन, ते ड्रॉइंगवर दाखवलं.

ड्रॉइंग घेऊन मी वरवंडला गेलो. मावशींनी ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं.

"आन् आदीच्या गोधड्या?"

"त्या नापास झाल्या मावशी."

त्यांनी आत डोकावून पाहिलं. बायका शिवत होत्या. मावशी मला हाताला धरून ओट्याच्या खाली घेऊन आल्या.

"हळू बोला. ह्यांना न्हाई सांगायचं. सुमननं समद्या आळीला सांगितलंया."

मी मान हलवली.

"आन् ह्ये असलं एकसारखं माझ्या बाया न्हाई करायच्या. माझा जावई केडगावला गाद्या शिवतो. मशीन हाय त्याच्याकडं. त्यो करंल."

"मावशी, हाताची पाहिजे."

"कापड पायानं सरकवतो व्हय त्यो? हातानंच सरकवतो."

जावयाने चार दिवसांत माल दिला. वाकडे टाके बरोबर ठरल्या जागी वाकडे होते. वाघसाहेबांनी पट्टी लावली आणि प्रथमच माझ्याकडे पाहून हसले. तन्वी मॅडमनी गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बघा, यात एक आत्मा आहे."

मी सबनीस साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. "साहेब, या मशीनवर शिवल्यात."

"दिसायला कशा आहेत?"

"हातच्यांपेक्षा जास्त हातच्या दिसतात."

"मग अडचण काय आहे?"

गोधड्या भिंतीवर लागल्या. खाली पाटी लागली, त्यावर 'हँडक्राफ्टेड' लिहिलं. पाटीला पार्ट नंबर नव्हता, त्यामुळे ती कुणी तपासली नाही.

ऑडिटच्या दिवशी कस्टमर बाई पुण्याहून निघाल्या त्या शिक्रापूरच्या चौकात अडकल्या. पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. सबनीस साहेब भिंतीपुढे हात पसरून उभे राहिले. बाईंनी विचारलं, वॉशरूम कुठे आहे. मग हेल्मेट घालून सरळ शॉपफ्लोअरवर गेल्या. तन्वी मॅडम लॉबीत एकट्याच राहिल्या.

मुरलेला ऑडिटर कारखान्यात आला की चांगला माल बघत नाही. तो आधी लाल जाळी शोधतो. नापास माल कुलपात ठेवण्याची ती जागा. तिथे काय पडलंय यावरून कंपनीचा खरा कारभार कळतो. बाईंनी जाळी उघडायला सांगितली. वर डॅशबोर्डचे पार्ट होते, व्यवस्थित टॅग लावलेले. खालच्या फळीवर गोधड्या.

"हे कुठल्या गाडीत बसतं?" बाईंनी विचारलं.

वाघसाहेब खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. त्यांनी सांगितलं, "मॅडम, पार्ट टू पार्ट व्हेरिएशन."

बाईंनी टॅग वाचला. गोधडी बाहेर काढून टेबलावर पसरली. मग दुसरी, मग तिसरी. शेजारच्या मशीनवरचा रामप्रसाद मान लांब करून बघत होता. तो म्हणाला, "अरे, ये तो अपना चौक है. जाम लगा है."

मी भाषांतर केलं. बाई त्या काळ्या चौकोनांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हो. मी सकाळी इथे होते." आणि बोट एका ट्रकच्या मागे ठेवलं.

मग त्यांनी विचारलं, "या इथे आहेत, तर बाहेर भिंतीवर काय आहे?"

"त्या पास झालेल्या," वाघसाहेब म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मशीनकडे गेल्या. सबनीस साहेब घाईने गोधड्यांच्या घड्या घालायला लागले. मला मात्र, का कोण जाणे, बरं वाटत होतं.

काम आम्हाला मिळालं. पार्ट चांगले होते म्हणून मिळालं, त्यात गोधडीचा काही संबंध नाही. पण त्या दिवशी जाताना बाई एवढंच म्हणाल्या, की लाल जाळीतल्या मला जास्त आवडल्या. साहेबांनी संध्याकाळच्या आत जाळीतल्या गोधड्या भिंतीवर लावून घेतल्या. जावयाच्या गोधड्या मावशींनी परत नेल्या आणि हायवेला दोरीवर टांगल्या. कंपनीचा माल म्हणून लगेच खपल्या.

पुढच्या आठवड्यात मावशी चौघींना घेऊन भिंत बघायला आल्या. सुमनबाई आपल्या पारव्यांपुढे उभ्या राहिल्या. हात लावला नाही. पदराने सोफ्याची कड पुसली आणि तिथे जरा टेकल्या. मग म्हणाल्या, "एक पारवा उलटा लागलाय माझ्याकनं."

"असू द्या," वाघसाहेब मागून म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते, मला कळलं नव्हतं.

ऑडिटचा रिपोर्ट आला. त्यात आम्हाला एक एन.सी. होता. एन.सी. म्हणजे नियमभंगाची नोंद. उत्पादनाशी संबंध नसलेला माल लाल जाळीत ठेवला, असं कारण. अशा वेळी फाइव्ह व्हाय करावं लागतं. पाच वेळा 'का' विचारायचं, की मूळ कारण सापडतं, असा समज आहे.

आम्ही बसलो. गोधड्या जाळीत का होत्या? कारण रिजेक्ट झाल्या. का? कारण एकसारख्या नव्हत्या. का? कारण हाताने केलेल्या होत्या. का? कारण आपण तशाच मागवल्या होत्या. का?

वाघसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि सबनीस साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे पाहिलं.

शेवटी मी लिहिलं, 'कम्युनिकेशन गॅप.' रिपोर्ट पाठवला. एन.सी. दोन दिवसांत क्लोज झाला.

एवढ्या वर्षांच्या नोकरीतून नव्या परचेसवाल्याला सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. एक सांगेन. कुणी केलेली सुंदर वस्तू आवडली तर जरूर विकत घ्यावी, पण तिला पार्ट नंबर देऊ नये.