तळ्यापाशी बाई काय सांगत

विद्यापीठात सगळे त्यांना ‘फेरीवाल्या बाई’ म्हणत. नवख्या विद्यार्थ्याला वाटे, या काहीतरी विकत असतील. खरं तर बाई जनसंपर्क विभागात नोकरीला होत्या. नवे विद्यार्थी, त्यांचे आईवडील, बाहेरून आलेले पाहुणे, तपासणीच्या समित्या, अशा सगळ्यांना आवार फिरवून दाखवायचं आणि चालता चालता विद्यापीठाचा इतिहास सांगायचा, हे त्यांचं काम. फेरी घडवतात म्हणून फेरीवाल्या. बाईंनाही त्या नावाचं वाईट वाटत नसे. “आता एक हातगाडी तेवढी मंजूर करा,” असं त्या हिशेब विभागातल्यांना म्हणायच्या.

मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर उभं राहून त्या सुरुवात करत. विद्यापीठाचे पहिले वर्ग लोकरीच्या एका पडीक गोदामात भरले. कारखान्यांतून सुटलेली माणसं संध्याकाळी तिथे येत आणि बसायला घरून स्टूल आणत. पहिल्या कुलगुरूंनी आपल्या हातानं भिंतीवर फळा रंगवला, तो वाळायची वाट न बघता त्यावर लिहायला घेतलं, आणि पहिल्याच दिवशी पुढच्या रांगेतले सगळे त्याला खेटून काळे होऊन घरी गेले. इथे लोक हमखास हसत. ज्यांच्या घरात कुणी पुस्तक उघडलं नव्हतं त्यांच्यासाठी सरकारनं हे विद्यापीठ काढलं, फी अगदी नावापुरती ठेवली, आणि पुढे गोदाम पुरेना म्हणून या टेकडीवर आलं. हे सगळं खरं होतं. बाई स्वतःच इथल्या संध्याकाळच्या वर्गांतून पदवीधर झाल्या होत्या.

मग ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृहं, आणि शेवटी तळं. तळ्यापाशी आल्यावर त्या आवाज जरा खाली आणत.

“इथे पूर्वी वीटभट्ट्या होत्या. भट्टीवाल्यांची वस्ती होती. विद्यापीठाला जागा हवी आहे असं कळल्यावर त्या कष्टकऱ्यांनी आपली जमीन शिक्षणासाठी दिली. मुख्य इमारतीच्या विटाही त्यांनीच भाजल्या. माती काढून जो खड्डा पडला, त्याचंच हे तळं झालं.”

एखाद्या विद्यार्थ्याची आई पदराला डोळे पुसायची. समितीवाले माना डोलवायचे.

विटा त्यांनी भाजल्या होत्या. खड्ड्याचं तळं झालं होतं. जमीन मात्र कुणी दिली नव्हती, आणि हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या त्याच वस्तीत जन्मल्या होत्या.

आई लवकर गेली, वडिलांचा पत्ता नव्हता, म्हणून त्यांना मामानं वाढवलं. मामा भट्टी रचणारा. कच्च्या विटा कशा लावायच्या, जाळ कुठून खेळवायचा, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाई शाळेत जायला लागल्या त्या सुमारास मोजणीची टेप घेऊन माणसं आली. जमीन सरकारी आहे म्हणाली. घरटी एक नोकरी देऊ, पोरांना पुढे विद्यापीठात घेऊ, असंही म्हणाली. आधी इमारतीच्या विटा भाजून घेतल्या आणि मग वस्ती हलवली, रेल्वेरुळांच्या पलीकडे, जिथल्या मातीची वीट होतच नव्हती. भट्ट्या गेल्या त्या गेल्याच. मामा धान्यबाजारात पोती उचलायला लागला. नोकरीसाठी माणसं खेटे घालून घालून दमली.

पुढे बाई शिकल्या, रीतसर परीक्षा देऊन विद्यापीठात टंकलेखिका म्हणून लागल्या. वस्तीत कुणी हसत हसत म्हणालंच, “घरटी एक नोकरी म्हणाले होते, बघा, सगळ्यांची मिळून हिलाच लागली.” बाई हसल्या, पण ते बोलणं त्यांना लागलं ते लागलंच.

त्यांचा आवाज चांगला, म्हणून तेव्हाच्या कुलसचिवांनी त्यांना फेरीचं काम दिलं आणि काय सांगायचं तेही सांगितलं. ‘दिली’ हा शब्द त्यांचा. बाई तेव्हा नव्या होत्या, गप्प बसल्या. आपण कुठल्या, हे ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. नंतर सवय झाली. आणि सवय झाल्यावर, इतकी वर्षं का बोलला नाहीत असं कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, या भीतीनं तोंड शिवलं गेलं. कधी रात्रीच्या जेवणाला मामाकडे गेल्या आणि त्यानं “आज कोण पाहुणे होते गं?” म्हणून विचारलं, की त्या ताटात बघून उत्तर देत.

विद्यापीठाचा सुवर्णमहोत्सव आला. आताचे कुलसचिव उत्साही गृहस्थ. त्यांनी बाईंना बोलावून विचारलं, “त्या वीटकामगारांपैकी कुणी हयात आहे का हो? सत्कार करू.”

“एक म्हातारे आहेत,” बाई बोलून गेल्या. “माझ्या… ओळखीतल्या एकांच्या ओळखीचे.”

सत्काराच्या आदल्या दिवशी त्या मामाकडे गेल्या. “मामा, उद्या तिथे मला जरा…” एवढंच बोलून थांबल्या.

मामानं चष्मा पुसला. “कळलं. ओळख दाखवायची नाही.”

आणि त्यानं खरंच दाखवली नाही. व्यासपीठावरून उतरताना त्याचा पाय अडखळला, बाई धावल्या, तर तो म्हणाला, “राहू द्या बाई, जमतंय मला.” ज्या माणसानं खांद्यावर बसवून शाळेत पोहोचवलं, त्यानं आपल्याला ‘राहू द्या’ म्हटलेलं त्यांनी ऐकून घेतलं आणि पाहुण्यांकडे वळून फेरी सुरू केली. मामाही सगळ्यांबरोबर काठी टेकत निघाला. तळ्यापाशी बाईंनी मामाकडे बघायचं टाळलं. शब्द इतके पाठ होते की ते आपोआप बाहेर आले. ‘आपली जमीन शिक्षणासाठी दिली’ म्हटल्यावर टाळ्या पडल्या. पाहुणे मामाकडे वळले. मामानं सगळ्यांना हात जोडले.

नंतर बसथांब्यावर दोघंच होती. मामा म्हणाला, “छान बोलतेस गं. ऐकताना क्षणभर मलासुद्धा पटलं.”

त्यात टोमणा असता तर बाईंना सोपं गेलं असतं. पण मामाला टोमणा मारता येतच नव्हता.

त्यानंतर बाईंना अन्न गोड लागेना. ऑफिसात चहा समोर गार होऊन जायचा. पुढच्या फेरीला पहिल्या वर्षाची मुलं होती. तळ्यापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “इथल्या लोकांनी जमीन दिली नव्हती. त्यांना उठवलं होतं. नोकऱ्या कबूल केल्या होत्या, त्याही दिल्या नाहीत.”

एका मुलीनं विचारलं, “तुम्हाला कसं माहीत?”

“मी इथलीच आहे,” बाई म्हणाल्या.

दोन दिवसांत कुलसचिवांचं बोलावणं आलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. “बाई, खरंही असेल. पण इतकी वर्षं तुम्हीच तर उलट सांगत होतात ना? मी तुमच्याकडूनच ऐकलं.” विषय समितीपुढे ठेवू, तोवर फेरी वसतिगृहांपासूनच मागे वळवा, असं ठरलं.

निदान मामाला बरं वाटेल, असं त्यांच्या मनात होतं. रविवारी जाऊन त्यांनी त्याला सगळं सांगितलं.

“वस्तीतली पोरं शाळेत छातीठोक सांगतात, आमच्या आज्यानं विद्यापीठाला जमीन दिली,” मामा म्हणाला. “सत्काराचा फोटो घरोघरी लावलाय. तू ‘दिली’ म्हणत होतीस तोवर आम्ही देणारे होतो. आता पुन्हा हाकललेले झालो.”

“मग मी खोटंच सांगत राहायचं होतं?”

“असं कुठं म्हटलं मी? खोटं सांगताना आम्हाला विचारलं नाहीस. खरं सांगतानाही विचारलं नाहीस. तेवढंच म्हणतोय.”

बाई रडल्या. मामानं रडू दिलं. मग त्या म्हणाल्या, “आता विचारते. काय सांगू?”

“मला एकट्याला काय विचारतेस? माझ्या एकट्याची होती का वस्ती?”

म्हणून बाई दारोदार गेल्या. पुढचे कितीतरी रविवार त्यांचे तिकडेच गेले. एका घरानं दारातूनच वाटेला लावलं. “तुझं झालं ना भलं, मग आता कशाला उकरतेस?” बाईंनी मान खाली घालून ऐकलं, कारण त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. एका म्हातारीनं बसवून घेतलं आणि कुणाची झोपडी कुठे होती हे जमिनीवर बोटानं काढून दाखवलं. कुणी म्हणालं सगळं सांग, कुणी म्हणालं आमची कीव येईल असं सांगू नकोस. एकमत काही झालं नाही.

लोकांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहून बाईंनी समितीपुढे ठेवलं, समितीनंही बरंच ताणलं. शेवटी कुलसचिवच कंटाळून म्हणाले, “सांगा बाई. फक्त ‘हाकललं’ शब्द नको.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “उठवलं म्हणते.”

फेरी पुन्हा तळ्यापर्यंत जायला लागली. बाई आता ‘आमची वस्ती’ म्हणत. मामा एकदा आला, स्वतःहून. या वेळी बाईंनी सगळ्यांसमोर त्याचा हात धरला आणि “हे माझे मामा” अशी ओळख करून दिली. एका उंच मुलानं त्याला थेट विचारलं, “आजोबा, जमीन तुम्ही दिली की त्यांनी घेतली?”

मामा थोडा विचार करून म्हणाला, “मी भट्टी रचत होतो रे तेव्हा. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित दिलीही असती. शाळाच काढणार होते, दारूचा गुत्ता थोडाच काढणार होते?”

मुलं हसली. बाईंना हसू आलं नाही. दिलीही असती, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनीही मामाला कधी विचारलं नव्हतं.

मामा त्याच वर्षी गेला. बाईंना वाटलं होतं, खरं बोलल्यावर मन हलकं होईल. थोडं झालंही. पण ‘राहू द्या बाई’ हे शब्द काही केल्या मनातून जात नाहीत, असं त्या सांगतात.

त्या निवृत्त होताना त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली. उत्साही, आवाज खणखणीत. तिनं विचारलं, “मॅडम, तळ्यापाशी नेमकं काय बोलायचं ते मला सांगून ठेवाल का?”

बाईंनी पर्स उचलली. “चल,” म्हणाल्या, “रुळांच्या पलीकडे जाऊ. तिथे माणसं आहेत. आधी त्यांना विचार.”