मिस्त्रींनी न ऐकलेली साक्ष

पंप-पंख्यांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणं हा मिस्त्रींचा धंदा आणि तारेचे वेढे तोंडाने मोजणं हा त्यांचा हट्ट. तार गुंडाळायच्या चरकाला आकडे दाखवणारं यंत्र होतं. पण "चुकतं यंत्र आणि शिव्या खातो मी," असं म्हणून ते स्वतःच मोजत. मध्येच कुणी बोललं, मग ते गिऱ्हाईक असो की चर्चचे पाळकसाहेब, मिस्त्रींचा आवाज चढायचा, "ब्याण्णव! त्र्याण्णव!" आकडा हुकला की सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून. प्रभूवर त्यांचा विश्वास होता, पण वॉरंटीच्या कागदावर असतो तसा. कपाटात आहे एवढं माहीत. काढून वाचायची वेळ आली नव्हती.

बायको ऑपरेशन होऊन घरी आली आणि चौथ्याच दिवशी भिंत धरत दुकानाच्या पायऱ्या उतरली.

"अहो, तुम्हाला एक सांगायचंय."

"एकशे बारा! एकशे तेरा!"

ती पालथ्या खोक्यावर बसून राहिली. एकशे साठला चरक थांबला.

"हं, बोल आता."

"मला आत न्यायच्या आधी मी खोलीत एकटीच होते ना, तेव्हा माझ्याजवळ कुणीतरी होतं. खरंच होतं. आणि मग..."

"नर्स असेल."

"दार बंद होतं हो!"

"मग भुलीचं औषध. त्याच्या अमलात माणसाला सासूसुद्धा देवदूत दिसते!"

हा विनोद मिस्त्रींना इतका आवडला की पुढे दोन दिवस त्यांनी तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला. तीही हसली. "राहू दे, निवांत सांगेन," म्हणत पायऱ्या चढून गेली.

निवांतपणा काही आला नाही. उन्हाळ्यात पंप धडाधड जळतात. पुढचे आठ महिने दुखणं वाढत गेलं, तरी ती इतकी शांत होती, की मिस्त्रींनी त्याचं सगळं श्रेय गोळ्यांना दिलं. मग ती गेली.

मिस्त्रींची प्रार्थना आटली. पाळकसाहेबांच्या आधी 'आमेन' म्हणून टाकणारा हा माणूस मागच्या बाकावर मुकाट बसू लागला. एका सकाळी चरक फिरवता फिरवता आकडाच हरवला. सत्तर की ऐंशी? हात थांबले. एवढीशी चूक, पण तिच्यासाठी न रडलेलं सगळं रडू तेव्हा बाहेर आलं. आणि तेवढ्यात, जड मोटार एकट्याने उचलताना कुणीतरी पलीकडून हात लावावा, तसं छातीवरचं ओझं हलकं झालं. कुणीतरी जवळ होतं. मिस्त्रींनी वळून पाहिलं. दुकान रिकामं. वार्निशचा वास डोक्यात गेला म्हणावं, तर डबा बंद. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी त्यांनी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' शेवटपर्यंत म्हटलं. आणि हे सांगायला पहिली हाक तोंडात आली ती तिचीच.

मग त्यांना उमगलं, की तीही हेच सांगायला आली होती. पण "आणि मग" काय? काही दिसलं? कुणी काही बोललं?

बुधवारी दुपारी बायकांच्या प्रार्थनासभेत मिस्त्री जाऊन उभे राहिले. "काय भाऊ, इथले पंखे तर बरे चाललेत!" त्यांच्यातली एक शिवणकाम करणारी म्हणाली. सगळ्या हसल्या. मिस्त्री हसले नाहीत.

"हिने दवाखान्यातलं काही सांगितलं होतं का इथे? प्रभूच्या अनुभवाची साक्ष म्हणून?"

पाळकीणबाई हळूच म्हणाल्या, "मी आग्रह केला होता, भाऊ. दोनदा. म्हणाली, आधी ह्यांना सांगते, मग तुम्हाला."

शिवणवालीने खुर्ची पुढे सरकवली. मिस्त्री बसले आणि त्यांनी स्वतःचं सगळं सांगितलं, सासूच्या विनोदासकट. या खेपेला त्या विनोदावर कुणीच हसलं नाही.

मरणानंतर तिची भेट होईल याबद्दल आता त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. तोंड कुठल्या तोंडाने दाखवायचं, एवढंच कळत नव्हतं.