लांब पट्टा की आखूड?

लालबागला चौदाव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त माणसाला बर्फावर चालणाऱ्या मोटारसायकलबद्दल जेवढी माहिती असावी, त्यापेक्षा मला बरीच जास्त आहे.

ही माहिती मी हौसेनं मिळवलेली नाही. माझा आणि बर्फाचा संबंध म्हणजे करमाळ्याच्या बाजारात लाकडाच्या भुशात गुंडाळून येणारी लादी. रसवंतीवाला ती फोडायचा आणि उडालेले खडे आम्ही पोरं झेलायचो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. शाळेतल्या गुरुजींनी माझ्या वडिलांची समजूत घातली नसती, तर मी आजही त्याच रसवंतीसमोर उभा असतो. त्या गुरुजींची एक शिकवण होती : प्रश्न कुणीही विचारो, उत्तर अभ्यास करून द्यायचं. या शिकवणीवर मी मुंबईत आलो, सरकारी कचेरीत चिकटलो, सन्मानानं निवृत्त झालो. आणि याच शिकवणीनं उतारवयात माझा घात केला!

झालं असं. माझा मुलगा निखिल कॅनडातल्या एका डोंगराळ गावात नोकरी करतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. "जेवलात का? गोळी घेतली का? बरं, ठेवतो." मी तीन वेळा 'हो' म्हणतो. (एकदा पहिल्याच प्रश्नाला मी 'नाही' म्हणून पाहिलं. तरी त्यानं "बरं, गोळी घेतली का?" असंच विचारलं.) ही गेल्यापासून आमचं एवढंच बोलणं. दोष कुणाचाच नाही. आमच्या दोघांमधलं बोलणं हीच करत असे, हे ती गेल्यावर आम्हाला कळलं.

आणि एका बुधवारी सकाळी, रविवार नसताना, त्याचा आवाजातला निरोप आला.

"बाबा, तूच सांग रे आता! बाईकला स्नो बाईकचं ट्रॅक किट बसवतोय. पट्टा लांब घेऊ की आखूड? माझी रायडिंग स्टाईल तुझ्याइतकी कुणाला माहितीये? घाई करू नकोस. नीट विचार करून सांग."

मी खुर्चीत बसलो. ट्रॅक किट म्हणजे काय, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी एकाच शब्दावर अडकलो होतो. तू!

आमच्या घरात बापाला 'तुम्ही' म्हणतात. मी माझ्या वडिलांना म्हणत होतो, निखिल मला म्हणतो. समोरच्या परबांचा मुलगा मात्र बापाला "ए पप्पा, चावी कुठं टाकलीस?" असं भर लिफ्टमध्ये ओरडून विचारतो. त्यावर मी नेहमी नापसंतीचा चेहरा करत आलोय. (तो चेहरा करायला मला किती मेहनत पडायची, ते माझं मला माहीत.) आणि आज माझा मुलगा मला 'तू' म्हणाला! नुसतं 'तू' नाही, 'तूच'! वर 'रे'!

तो निरोप मी इतक्यांदा ऐकला की गॅसवरचा चहा आटून पातेल्याला चिकटला. मग मी अभ्यासाला बसलो.

सगळ्यात आधी वस्तू डोळ्यांनी पाहावी म्हणून मी गिरगावातल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "ट्रॅक किट दाखवा."

"कुणासाठी, काका?"

"मुलासाठी. पण निवड मी करणार आहे. त्यानं माझ्यावर सोपवलंय."

दुकानदारानं निळा ट्रॅकसूट काढला. मी म्हटलं, "हे नव्हे, ज्याला पट्टा असतो ते." त्यानं नाडीऐवजी पट्टा असलेला काढला. मी विचारलं, "हे खोल बर्फात चालेल?" त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काका, धुऊन बघा. आटला तर परत आणा."

मला कुणाला 'नको' म्हणता येत नाही. मी तो ट्रॅकसूट घेऊन घरी आलो.

मग मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. तेव्हा उलगडा झाला. मोटारसायकलची दोन्ही चाकं काढायची. पुढं घसरायला एक रुंद पट्टी बसवायची आणि मागं रणगाड्यासारखा रबरी पट्टा, त्यावर बोटभर उंचीचे दाते. पट्टा आखूड असेल तर गाडी चपळ, पटापट वळते, पण भुसभुशीत बर्फात रुतते. लांब असेल तर रुतत नाही, चढही चढते, पण वळायला जड. म्हणून, गोरा माणूस सांगत होता, आधी स्वतःला विचारा : तुम्ही गाडी कशी चालवता?

निखिल गाडी कशी चालवतो? हे मला पक्कं ठाऊक होतं! परळच्या मैदानात भाड्याच्या सायकलवर मीच त्याला शिकवलं. त्याची शैली अशी : सरळ रस्त्याला वारा. वळण आलं की दोन्ही पाय टेकायचे, खाली उतरायचं, सायकल उचलून वळवायची आणि पुन्हा बसायचं. म्हणजे जो मुलगा वळतच नाही, त्याला वळायला जड असलेल्या पट्ट्याचं काय भय? लांब पट्टा! उत्तर मिळालं.

पण उत्तराला पुरावा हवा. मी समोरच्या परबांचं दार वाजवलं. चाळ होती तेव्हा त्यांचं आणि माझं दार फक्त जेवताना लोटलेलं असायचं, तेसुद्धा माशांच्या दिवशी. चाळ पाडून टॉवर झाला, सगळ्यांना कुलपांची दारं मिळाली आणि सगळे ती बंद ठेवू लागले.

परब बनियनवर बाहेर आले. "काय सायबानू? बरे आसात मा?"

"बरा आहे. परब, मुलानं मला एक प्रश्न विचारलाय."

"झिलान? तुमका?" परबांना एवढं आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं.

मी सगळं सांगितलं. खोल, ताज्या बर्फाला तिकडं पावडर म्हणतात, हेही सांगितलं. 'पावडर' ऐकताच परब आत गेले आणि कॅरमची पावडरची डबी घेऊन आले. "ह्या बघा. आपण करून बघूया."

डबीत चिमूटभरच पावडर होती. एवढ्यात मुंगीसुद्धा रुतली नसती. म्हणून मी घरातलं गव्हाचं पीठ परातीत ओतलं. आखूड पट्टा म्हणून काड्यापेटी, लांब पट्टा म्हणून टूथपेस्टचं खोकं. दोन्हींवर वजनाला एकेक बटाटा. (निखिल अंगानं जरा भरलेलाच आहे.) काड्यापेटी ढकलली, ती नाक खुपसून पिठात बुडाली. खोकं ढकललं, ते डौलात तरंगत गेलं!

"परब! लांब!"

"लांबच!" परबांनी मला टाळी दिली. मग ते गंभीर झाले. "पण सायबानू, थंय वारो असतलो. वारो खंय आसा?"

मुद्दा बिनतोड होता. अभ्यासात कसूर नको म्हणून मी उठलो आणि छताचा पंखा लावला. पाचावर.

पुढं काय झालं ते मला दिसलं नाही, कारण कुणालाच काही दिसत नव्हतं. पंख्याखाली हिमवादळ सुरू झालं. परब कुठून तरी "बंद करा! बंद करा!" असं ओरडत होते आणि मी बटण चाचपत भिंतीवरून फिरत होतो. बटण सापडलं, दाबलं, तर दारावरची बेल वाजू लागली. ते बेलचं बटण नव्हतं, बेल बाहेरून वाजत होती. वॉचमन आला होता.

"अंकल, आपके खिडकी से धुवां निकल रहेला है! नीचे पब्लिक जमा हुआ है!"

त्याच्यामागे वहिनी, म्हणजे परबांची बायको. त्यांनी पांढऱ्याफटक नवऱ्याकडे पाहिलं, पांढऱ्याफटक माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो बाय माझे! ह्या काय केलात हो? दोघांनी मिळान गिरण काढलात की काय?"

"मुलाला किट घ्यायचंय," मी म्हणालो. याहून योग्य वाक्य मला सुचलं नाही.

मग मजल्यावरची सगळी दारं उघडली. पलीकडच्या गुजराती काकू आल्या. वरच्या मजल्यावरचे एक जोशी आले. त्यांचं नाव मला त्याच दिवशी कळलं. दोन वर्षं आम्ही लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाहून खोकत होतो. प्रत्येकाला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि दर वेळी "तो म्हणाला, तूच सांग" इथं जरा थांबलो. वहिनींनी चहा टाकला. जोशी आखूड पट्ट्याच्या बाजूचे निघाले. गुजराती काकूंनी "लडके को ठंडी नहीं लगती?" एवढंच विचारलं. हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

सगळे गेल्यावर पाहिलं तर खोलीभर पिठात पावलं उमटली होती. चपलांची, अनवाणी, वॉचमनच्या बुटांची. माझ्या घरात इतकी पावलं! त्या दिवशी मी केर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी निखिलला आवाजातला निरोप पाठवला. चांगला लांबलचक. प्रस्तावना, दोन्ही पट्ट्यांचे गुणदोष, पिठाचा प्रयोग, जोशींचा आक्षेप आणि त्याचं खंडन, सगळं मुद्देसूद. गुरुजींनी पाठ थोपटली असती. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी पुढं म्हणालो, "आणि निखिल, तू मला 'तू' म्हणालास ते फार बरं वाटलं. तुझी आई असती तर रागावली असती, पण मी तिला सांभाळून घेतलं असतं. असंच म्हणत जा."

शुक्रवारी फोन आला. शुक्रवारी!

"बाबा, तुमचा निरोप ऐकला."

तुमचा.

"पूर्ण ऐकलास?"

"पूर्ण. बाबा, इथं माझा एक मित्र आहे. विक्रांत. आमच्याबरोबर बाईक चालवतो. दादरचाच आहे. त्याला घरी लहानपणापासून 'बाबा' म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. फोनमध्ये तुम्ही दोघं एकाखाली एक आहात."

मी उठून खिडकी लावली. चौदाव्या मजल्यावर वारा बरा येतो.

"किती वर्षांचा आहे हा बाबा?"

"एकोणतीस."

"अस्सं. मला आलाच होता संशय!" मी हसलो. "म्हटलं, बघू पोराची गंमत करून!"

(हे वाक्य मी इतकं वाईट म्हटलं की पलीकडून तोही हसला नाही.)

"बाबा, तुमचा तो प्रयोग भारी होता. पण मी आता वळतो. झाडांमधून चालवतो, एकदम दाट झाडी असते."

"खाली उतरत नाहीस?"

"कधी उतरायचो?"

मी त्याला मैदान सांगितलं, भाड्याची सायकल सांगितली. त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं. त्यानं मला झाडं सांगितली, मागं उडणारा बर्फ सांगितला, एकदा मानेपर्यंत गाडला गेला होता तेही सांगितलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मग अचानक तो घसा खाकरून, फार मोठं धाडस केल्यासारखा म्हणाला, "बाबा, तू ऐका ना."

तू ऐका! चाळीस माणसांच्या कचेरीत मी लोकांच्या टिपणांतलं व्याकरण लाल शाईनं दुरुस्त करत आलो. या वाक्याला हात लावायची माझी छाती झाली नाही.

"बोल," मी म्हणालो.

"मी आखूड घेतला."

माझा संताप झाला. पीठ, पंखा, परब, जोशी! "आखूड? अरे, मग मला विचारलंस कशाला?"

"पण बाबा, मी तुम्हाला विचारलंच नव्हतं!"

यावर मला बोलायला काही उरलं नव्हतं. मी पुढचा पाऊण तास बोललो.