शहादेवची शेवटची फरशी

तेलगावच्या वनमालाबाईंच्या न्हाणीघराची शेवटची फरशी शहादेव मशीनवर कापत होता. ऊसतोड सोडून त्यानं हे काम धरलेलं. दोन फरश्या फुटल्यावर बाईंनी बजावलं होतं, "आणखी एक फोडलीस तर गाशा गुंडाळ." म्हणजे पुन्हा कोयता, पुन्हा उसाचा फड.

फिरत्या पात्यावर तांब्यानं पाणी ओतत त्याची बायको शिवकन्या म्हणाली, "अवो, ह्यो ऊस न्हाई. कावून रेटताव?"

"हाताला कसं सांगू? जलमभर रेटलंच की."

तरी त्यानं हात सैल सोडला. फरशी सरळ चिरत गेली. टोकाशी मात्र मेल्या हातानं सवयीनं रेटलंच. कोपरा तुटला.

मशीन थांबली असती, तर बाई बघायला आल्या असत्या. म्हणून तो रिकामं पातं फिरवत राहिला आणि शिवकन्या पाणी ओतत राहिली.