माझी कंबर बघायला आलेले पाहुणे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण सांगताना तुम्ही मध्येच हसलात की मी लाजतो आणि गोष्ट अर्धी राहते. आता काय सांगू तुम्हाला, माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो हे ऐकलं होतं. मी सिलेंडर घेतला. तोही भरलेला!

झालं असं, की मी शिरोलीला एका फाउंड्रीत साचे भरायच्या कामावर आहे. नववीतून शाळा सुटली, तेव्हापासून हेच. एक दिवस साच्याची पेटी उचलताना कंबरेत अशी कळ आली की पेटी तिकडं आणि मी इकडं. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकली. पडून राहायचं. "वजन उचललंस तर ऑपरेशन. मग माझ्याकडं येऊन रडू नकोस."

हात मोडला असता तर बरं झालं असतं हो! प्लॅस्टर दिसतं. कंबर काय दिसते? बाहेरून मी चांगला धडधाकट.

मालकांना फोन केला, तर म्हणाले, "कंबर सगळ्यांचीच दुखतीया. माझी न्हाय दुखत? खुर्चीत बसून बसून जीव जातोय माझा!"

"मालक, डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवलंय की."

"सर्टिफिकेट आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवालाबी दील. ह्यो आठवडा बघतो. खोटं निघालं तर दुसरा गडी घेणार. सांगितलं न्हाय म्हणू नको."

झालं. कामावर जावं तर कंबर जाणार, न जावं तर नोकरी जाणार. मी खोलीत उताणा पडून छताकडं बघत बसलो. बसलो म्हणजे पडलो.

खोली शिवाजी पेठेत, माडीवर. एकटाच राहतो. आईला कळवलं नव्हतं. ती हुपरीत घरी बसून पैंजण जोडते. कळलं असतं तर हातातलं काम टाकून आली असती, आणि मग घर कशावर चालणार? बरोबरची पोरं दिवसभर कामावर, आणि सुटली की मैदानावर. फुटबॉलचा हंगाम होता ना! लांबून ओरडा ऐकू यायचा. गोल झाला हे कळायचं, कुणी केला ते नाही. विचारायचं कुणाला? डबेवाले काका डबा पायरीवर ठेवून खालूनच हाक मारायचे. मी वर "या की बसायला" म्हणेपर्यंत त्यांची सायकल गल्लीच्या टोकाला.

तुम्हाला खोटं वाटेल, पण एकदा क्रेडिट कार्डवाल्या बाईंचा फोन आला. मी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचं गाव विचारलं, जेवण झालं का विचारलं. शेवटी त्यांनीच फोन कट केला! अशा बायकांना कंटाळा आणणारा भारतातला मी पहिला माणूस असेन.

आणि अशातच एक दिवस दारावर थाप पडली.

दारात पांढऱ्या शर्टातला एक माणूस. हातात केळ्यांची पिशवी. "मी चौगुले. कंपनीच्या ऑफिसात नवीन लागलोय. मालकांनी पाठवलंय, जाऊन बघून ये म्हणाले."

माझा कानावर विश्वास बसेना. मालकांनी! मला बघायला! वर केळी! म्हटलं, फणस हाय आमचा मालक. वरून काटे, आत गरे. उगाच मनात शिव्या घातल्या इतके दिवस.

"या या पावणं! बसा!" मी पट्कन उठून खुर्ची ओढली. पट्कन उठायचं नव्हतं. पण माणूस आला होता हो!

"तब्येत काय म्हणतीया?" चौगुल्यांनी विचारलं.

आता ऐका. आमच्या आईची एक शिकवण आहे. बघायला आलेल्या माणसापुढं रडगाणं गायचं नाही. माणूस परत यायचं टाळतो. आणि मला तर हा माणूस उद्याही यायला हवा होता.

"एकदम ठणठणीत!" मी म्हणालो.

"दुखत न्हाय?"

"छ्या! काय दुखतंय? नुसतं आपलं पडायचं म्हणून पडलोय."

चौगुले जरा चमकले. "व्हय?"

"व्हय की! तुम्ही आलासा, अजूनच बरं वाटलं."

चहा ठेवला. नको नको म्हणत होते, पण चहा न देता पाहुण्याला पाठवतात का कुठं? आधण आलं न आलं, तेवढ्यात शेगडी विझली. गॅस संपला! भरलेला सिलेंडर बाहेर जिन्यापाशी.

"ऱ्हाऊ दे की," चौगुले म्हणाले.

"असं कसं? पावणं बिनचहाचं गेलं तर पेठेत तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल काय?"

आणि मी गेलो, वाकलो, आणि दोन्ही हातांनी सिलेंडर उचलून आत आणला. कंबरेत वाळकी फांदी मोडावी तसं काहीतरी झालं. डोळ्यांसमोर दिवाळी!

"डोळ्यांतनं पाणी का येतंय तुमच्या?"

"आनंदाचं हाय पावणं." निम्मं तर खरंच होतं.

चौगुल्यांनी मोबाइल काढला. "एक फोटो घिऊ काय?"

आता सांगा, मला संशय यायला नको? कुणालाही आला असता. पण कंपनीच्या गेटपाससाठी काढला तेवढाच, त्यानंतर माझा फोटो काढावा असं कुणालाच वाटलं नव्हतं. वर मीच म्हणालो, "थांबा, असा नको." केस नीट केले. छाती पुढं काढली. सिलेंडर पुन्हा उचलला आणि तालमीतल्या पैलवानासारखा हसलो!

"मलाबी पाठवा हं."

"पाठवतो की," ते म्हणाले. पाठवला. पण मला नाही.

निघताना त्यांची गाडी चालू होईना. मी सोडायला खाली उतरलोच होतो. मग काय, दिला धक्का! गल्लीच्या चढावर! गाडी सुरू झाली, चौगुल्यांनी मागं वळून विचित्र नजरेनं बघितलं आणि गेले. मी कोपऱ्यावर हात हलवत उभा. मग जिना चारी पायांनी चढलो. पण खरं सांगतो, त्या दिवशीचं दुखणं मला गोड लागलं. कुणीतरी येऊन गेलं होतं.

संध्याकाळी मालकांचा फोन. मी आपला आभार मानायच्या तयारीत.

"मालक, कशाला एवढा तरास घेतलासा? केळी लई गोड..."

"गप! पैलवान! सिलेंडर उचलतोस, गाडी ढकलतोस, आन् माझी पेटी उचलायला कंबर दुखतीया व्हय रं?"

"मालक, ते पावणं आलते म्हणून..."

"पावणं? त्यो तुला तपासाय आलता! उद्या सकाळी कामावर दिसला न्हाईस तर परवा येऊच नको!"

फोन बंद. मी केळ्यांच्या सालींकडं बघत राहिलो. सगळी खाल्ली होती मी. भक्तिभावानं!

सकाळी कसाबसा शिरोलीला पोचलो. म्हटलं, तोंडानं समजावून सांगू. केबिनमध्ये मालक, शेजारी चौगुले. मी मालकांना वाकून नमस्कार केला.

आणि तिथंच राहिलो. कंबर वर यायला तयार नाही!

"बरं बरं," मालक म्हणाले, "पाया बिया पडू नको. जा, कामाला लाग."

"पडत न्हाय मालक. अडकलोय."

"नाटकं बंद कर."

"मालक, आईशपथ. मला तुमचं बूटच दिसाय लागल्यात नुसतं."

चौगुल्यांनी खांदा धरून मला सरळ करायला बघितलं, तेव्हा मी असा ओरडलो की भट्टीवरची माणसं पळत आली. शेवटी माल न्यायची ढकलगाडी आणली आणि मला आडवा करून त्यावर घातला. मालकांनी मोठा उसासा सोडला.

"घे रजा. पगार मिळणार न्हाय. आन् मी परत माणूस पाठवणार हाय. न सांगता. कवाबी येईल. ध्यानात ठेव!"

शहाणा माणूस घाबरला असता. निदान गप्प बसला असता. मी गाडीवरून मान वर करून काय म्हणालो?

"पाठवा की मालक. दुपारचं पाठवलासा तर बरं, म्हंजे जेवूनच जातील."

मालक चौगुल्यांकडं वळून म्हणाले, "ह्येची कंबर ऱ्हाऊ दे. आधी डोस्कं दाखवा कुठंतरी."

त्यानंतर रोज जिन्यावर पाऊल वाजलं की मी कान टवकारायचो. एका दुपारी तर मला खात्रीच वाटली. उठलो, कांदा चिरला, पोहे केले, दोघांचे. तासभर ओट्याशी उभा. कंबर पुन्हा धरली, आणि मी पुन्हा डॉक्टरांच्या टेबलावर पालथा.

"आता काय उचललंस?" डॉक्टर खेकसले.

"काय न्हाय डॉक्टर. पावण्यांसाठी पोहे केलते."

"कोण पावणं?"

"आलेच न्हाईत."